सव्वा तासाचं फ्लॉरेन्स

नातीचा, दिलेत्ताचा, बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी नेदो बार्तेल्ली निवृत्त झाला. एकतीस वर्षं त्यानं लिव्होर्नोच्या बंदरावर मिनीबस चालवली. जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांना सकाळी फ्लॉरेन्सला न्यायचं आणि जहाज सुटायच्या आत परत आणायचं. एवढ्या वर्षांत एकाचंही जहाज त्यानं चुकू दिलं नव्हतं. या कौतुकाखातर मुलीनं आईबापांना सात दिवसांच्या जहाजसफरीची तिकिटं काढून दिली. साव्होनाहून निघायचं, मार्सेय, पालेर्मो, नेपल्स करून परत यायचं.

तिसऱ्या दिवशी पहाटे नेदोनं खिडकीचा पडदा सारला. समोर क्रेन उभ्या होत्या. डावीकडून तिसरी जराशी वाकडी. अशी वाकडी क्रेन जगात एकाच बंदरात होती. नेदो डोकं धरून पलंगावर बसला.

"इल्वा, ऊठ. घर आलं."

कर्ण्यातून कप्तानाचा आवाज आला. दक्षिणेला समुद्र खवळलाय, आजचा मुक्काम लिव्होर्नोला, साडेचारच्या आत सगळ्यांनी जहाजावर परत यावं.

"लोक समुद्रावर जाऊन कुठं कुठं पोचतात," नेदो म्हणाला, "आणि आपण? आपल्याच दारात!"

इल्वा मात्र उठून निळा झगा घालू लागली होती. "बरं झालं. मला फ्लॉरेन्स दाखव."

इल्वानं फ्लॉरेन्स पाहिलं नव्हतं. शाळेच्या सहलीच्या वेळी गोवर आडवा आला आणि लग्नानंतर नवरा आडवा आला. ती विषय काढायची आणि नेदो म्हणायचा, "रोज तिथंच मरतो, सुट्टीच्या दिवशी पण तेच?" अशी एक्केचाळीस वर्षं गेली.

नेदो बोटांवर हिशेब करू लागला. "आठ ते साडेचार. साडेआठ तास. बंदराच्या फाटकापर्यंत अर्धा, रस्ता दीड, गाडी लावायला अर्धा. येताना ट्रकांची गर्दी, म्हणून रस्त्याला दोन, फाटकाला परत अर्धा. टायर फुटला तर म्हणून एक. जेवणाला सव्वा, त्यात काटछाट नाही. उरला सव्वा तास. सव्वा तासात काय फ्लॉरेन्स बघणार? लघवीची रांगसुद्धा संपत नाही. जमण्यातलं नाही."

"सव्वा तर सव्वा."

फाटकाबाहेर मिनीबसवाले पाट्या धरून उभे होते. नेदोनं टोपी नाकापर्यंत ओढली, पण एकतीस वर्षांची चाल टोपीखाली लपत नाही.

"अरे, हा तर नेदो!" सिरिओ ओरडला. याला गाडी शिकवली ती नेदोनंच. "सात दिवसांची सफर तिसऱ्या दिवशीच आटपली? जहाजवाल्यांनी हाकललं, का वहिनींनी?"

"तोंड आवर. वादळ आहे."

"वहिनी, माझ्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत. चला फ्लॉरेन्सला. गुरूकडून पैसे घेत नाही मी."

इल्वाचा एक पाय गाडीत गेलासुद्धा. नेदोनं आत डोकावून पाहिलं. "काठीवाले दोन, तान्हं बाळ एक. दर वीस मिनिटांनी थांबावं लागेल. जमण्यातलं नाही. तुला जायचं तर जा एकटी."

"एकटीला जायचं असतं तर एक्केचाळीस वर्षं थांबले असते का?" इल्वानं पाय खाली घेतला.

सिरिओची गाडी गेली. नेदोला वाईट वाटलं, म्हणून त्यानं जमण्यातलं काहीतरी काढलं. "पिसा. वीस मिनिटांवर."

"मनोरा कलंडलाय, ठाऊक आहे मला. आणखी काय आहे?"

"बरं, आधी घरी जाऊ. हे नवे बूट चावतायत. पाच मिनिटांत जुने घालतो, मग ठरवू."

घरी गेले तर कुलूप. किल्ली शेजारच्या माफाल्दाबाईंकडे, तुळशीच्या कुंड्यांना पाणी घालायला दिलेली. आणि माफाल्दाबाई मासळीबाजारात. इल्वा निळ्या झग्यात जिन्याच्या पायरीवर बसली. नेदोनं बूट काढून हातात घेतले.

साडेअकराला बाई पिशवी घेऊन वर आल्या. "अगं बाई! बुडालं की काय जहाज?"

"बुडालं असतं तर बरं होतं," नेदो म्हणाला.

बाईंना इतकी दया आली की त्यांनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. पाच तऱ्हेच्या माशांचं कालवण, ते शिजायलाच दोन तास. वर वाइन. तीन वाजता घरात येऊन नेदोनं शेवटचा हिशेब केला. "इथून जहाज वीस मिनिटं. अर्धा तास आडवा होतो. मला उठव."

त्याला जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. इल्वा सज्जात खुर्ची टाकून बसली होती. समोर बंदर रिकामं.

"जहाज?"

"पाचला सुटलं. इथून फार छान दिसत होतं."

"मला उठवलं का नाहीस?"

"साडेतीनला हलवलं, तू कूस बदललीस. मग विचार केला, तुझे बूट, तुझी चाल, फाटकाचा अर्धा तास. जमण्यातलं नव्हतं."

नेदो मटकन खाली बसला. एकतीस वर्षांत चुकलेला पहिला प्रवासी तो स्वतःच होता.

"उद्या पहिल्या गाडीनं फ्लॉरेन्स," इल्वा म्हणाली. "आता परत येऊन कुठलं जहाज गाठायचंय?"

नेदोनं जुने बूट शोधून दाराशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सच्या स्टेशनाबाहेर इल्वानं विचारलं, "मोठं चर्च कुठल्या बाजूला?"

नेदोनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"नेदो?"

"मी पाहिलेलं नाही," तो बुटांकडे बघत म्हणाला. "लोकांना नदीपाशी उतरवायचं आणि गावाबाहेर गाड्या लावतात तिथं जाऊन बसायचं. पत्ते कुटायचे, पाव खायचा. तू सगळ्यांना सांगायचीस, माझ्या नेदोला फ्लॉरेन्स तोंडपाठ आहे. तुला आणून काय दाखवणार होतो, पार्किंग?"

इल्वानं त्याचा दंड धरला आणि जाणाऱ्या एका पोलिसाला थांबवलं.

"साहेब, आम्ही परगावचे. मोठं चर्च कुठं आलं?"

परतीची शेवटची गाडी त्यांची चुकली. नेदोनं दिवसभर घड्याळ पाहिलंच नव्हतं.

त्यांच्या बॅगा साव्होनाहून महिन्याभरानं आल्या. नेदो बार्तेल्ली पुढच्या वर्षी, चार मार्चला, दुपारी सव्वातीन वाजता वारला.