क्लिपला हात लागला की

योजना माझी होती, आणि तिच्यात कोणी चूक काढून दाखवावी, इतकी पक्की होती.

आमच्या अंगणवाडीचं कुंपण चक्रीवादळाने नेलं, ते अजून परत आलेलं नाही. दारासमोरच समुद्रावर जाणारा रस्ता. शनिवार उजाडला की पर्यटकांच्या गाड्या अशा सुटतात, जणू समुद्र कोणी उचलून नेणार आहे. आणि माझी आरोही तीन वर्षांची. बोट सुटलं की ती रस्त्यावर! तिला सोडून घरी आले, तरी माझे कान हॉर्नकडे.

पूर्वी महिला सभा म्हणजे घरोघरी फिरून सह्या. आता बायका खरोखर येतात, बसतात, हात वर करून ठरवतात. अडचण एकच. पहिला हात कोणी वर करायचा? मागच्या सभेत प्रत्येकीने शेजारणीकडे पाहिलं, आणि कुंपणाचा ठराव पडला.

म्हणून या वेळी मी सगळ्यांना सांगून ठेवलं, "मी केसांच्या क्लिपला हात लावला की हात वर. बाकी काही बघायचं नाही."

"इचार पण न्हाय करायचा?" शेजारच्या आवडामावशींनी विचारलं.

"तो मी केलाय, मावशी."

सभा भरली. ग्रामसेवक रितेशभाऊंनी पहिला विषय वाचला, समुद्रावर स्वागत कमान. आता माझं असं आहे की काळजी वाटली की मी क्लिप चाचपते. लग्नात अंतरपाटामागेही चाचपत होते. सगळा निधी कमानीत गेला तर कुंपणाला काय उरणार, असं मनात आलं आणि...

सगळे हात वर.

"एकमताने मंजूर," रितेशभाऊ चकित होऊन म्हणाले.

मी घाबरले. घाबरल्यावर माझा हात दुसरा कुठे जाणार? सेल्फी पॉइंट मंजूर. डॉल्फिनच्या आकाराच्या कचरापेट्या, त्याही मंजूर.

"सोनल, तुमच्या बायका भलत्याच उत्साही आहेत," सरपंच सगुणाताई म्हणाल्या.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून टाकले. वरून आरोही येऊन मांडीवर बसली आणि झोपलीसुद्धा.

"विषय चौथा, अंगणवाडीला कुंपण."

सगळ्या बायका माझ्या डोक्याकडे बघताहेत. हात सुन्न झालेले, ओढले तरी निघेनात.

"कोणीच नाही?" रितेशभाऊंनी पेन उचललं.

"थांबा जरा," आवडामावशी उठल्या. "तिचे हात अडकलेत. आपले मोकळे हायेत ना? पोरं काय तिच्या एकटीची हायेत? करा गो वर."

आधी त्यांचा हात. मग त्यांच्या शेजारी बसलेल्या भाविकाचा. मग एकेक करत सगळ्यांचे, माझ्या क्लिपकडे एकदाही न बघता.

कुंपण मंजूर!

माझे डोळे भरून आले. कसेबसे हात सोडवले, डोळे पुसले आणि सवयीने क्लिप सारखी केली. नेमकं तेव्हाच रितेशभाऊ विचारत होते, "सेल्फी पॉइंट समितीच्या अध्यक्ष म्हणून सोनलताई चालतील?"

सगळे हात वर.

"अहो मावशी, ती खूण नव्हती," मी कळवळून म्हणाले.

"क्लिप कोण बघतंय?" आवडामावशी म्हणाल्या. "ह्या वेळी इचार करून हात वर केला."