अखर्चित तलफ

मनुष्य आणि जनावर यांच्यात फरक एवढाच, की मनुष्याला इच्छा आवरता येते, आणि नाही आवरली तर त्याचं कारण लेखी देता येतं. यातला दुसरा भाग सरकारी नोकरीत विशेष विकसित झालेला आहे. नागपूरच्या आमच्या कार्यालयात (विभागाचं नाव सांगत नाही, लोक कामं घेऊन येतात) मी एकोणीस वर्षं बडा बाबू आहे, तेव्हा माझ्या शब्दावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आमचे एकूण कर्मचारी सत्तावीस. पैकी खर्रा खाणारे तेवीस, अजिबात न खाणारे तीन, आणि 'मी खात नाही, कोणी दिला तं घेतो' असं म्हणणारा एक. सगळ्यात जास्त तोच खातो. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटला की खर्रा तयार. त्याच्यावर बंदी आहे. म्हणून गेटसमोरचा पानठेलेवाला ईश्वरदास तो दर्शनी भागात ठेवत नाही, वीतभर आत ठेवतो. कायद्याचा धाक म्हणतात तो हाच.

गेल्या वर्षी वरच्या कार्यालयातले एक साहेब तपासणीला आले आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्यांच्या पांढऱ्या बुटावर कोणाची तरी पिचकारी पडली. बंदी आधीचीच असल्यानं पुन्हा घालता येईना. तेव्हा परिपत्रक निघालं, की दोष वस्तूचा नसून अनावर इच्छेचा आहे. सबब कर्मचाऱ्यानं तलफ आल्यास नमुना त-१ दोन प्रतींत भरावा, पूर्वमंजुरी घ्यावी आणि मगच तलफ भागवावी. मधल्या वेळात इच्छा आपोआप मरेल. (आमच्याकडे येणाऱ्या नागरिकांच्या इच्छा याच पद्धतीनं मरतात, हा अनुभव आहे.)

नमुन्यात रकाने होते: तलफ आल्याची वेळ, तलफेचं स्वरूप, सौम्य की अनावर, आवरण्याचा प्रयत्न केला काय, केला असल्यास साक्षीदाराचं नाव. मंजुरीला चार दिवस लागत. त्यामुळे पहिल्या आठवड्यात कार्यालयातला खर्रा शंभर टक्के बंद झाला. लोक खात होते, पण ते मंजुरीच्या अधीन राहून. शिवाय हा फॉर्म असा डोकेदुखीचा, की भरायला बसलं की तलफ यायची. मी स्वतः एका अर्जामागे दोन पुड्या संपवत होतो.

शेवटी आमच्या अधिकारी चारुशीला मॅडम कंटाळल्या आणि त्यांनी प्रत्येकाला वर्षभराची मंजुरी एकदमच देऊन टाकली. सरासरी काढली, ती दिवसाला पाच आली. जो दोन खायचा त्यालाही पाच, आणि समानतेच्या तत्त्वावर त्या तीन न खाणाऱ्यांनाही पाच. महिन्याभरात तिघांनी सुरुवात केली. हक्काचं कशाला सोडायचं? पूर्वी माणूस मनात आलं की खायचा, रानटी प्रकार होता तो. आता मंजूर आहे म्हणून खाऊ लागला. याला म्हणतात शिस्त.

मार्चमध्ये वरून पत्र आलं. मंजूर तलफ एकतीस तारखेपर्यंत पूर्ण न वापरल्यास पुढच्या वर्षी अख्ख्या कार्यालयाला कपात! आम्ही तक्ता काढून पाहिला. सगळ्यांचं शंभर टक्के. फक्त आमचा शिपाई देवराव फुलझेले याच्या नावावर तीनशे पाच पुड्या अखर्चित. गृहस्थानं जानेवारीपासून कोणालाही न विचारता, एकही नमुना न भरता खर्रा सोडून दिला होता. आता बोला!

एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता आम्ही सगळे त्याच्या स्टुलाभोवती जमलो. आम्ही काही राक्षस नाही. तीनशे पाच खा असं म्हटलं नाही. एक खा, बाकीच्यांवर सही कर, एवढंच. ईश्वरदास ताजा घोटलेला खर्रा घेऊन जातीनं आला होता.

"देवरावजी, घ्या. ऑफिसच्या इज्जतीचा सवाल आहे," मी म्हणालो.

"मले नाही पाहिजे, बडे बाबू."

"काहून गा? दिवाळीपर्यंत तं आमच्यापेक्षा जास्त खात होते तुम्ही."

"म्हणूनच जी." देवराव दातातल्या दातात बोलत होता. "आमच्या मोहल्ल्याच्या विहारात दर रविवारी वंदना मीच घेतो. पाचवं शील आलं, नशा करणार नाही, की मी गालातला खर्रा इकडचा तिकडं सरकवू. वीस वर्षं असंच चाललं. आता तोंडच उघडत नाही. शब्द आतच अटकून राहिले. मागं बसलेले पोट्टे हासून राहिले. पोह्यावर तर्री घेतली तं आग लागते तोंडाले."

नागपूरच्या माणसाला तर्री झोंबते म्हटल्यावर सभा जरा गंभीर झाली.

"डॉक्टर म्हणे, आत्ता सोडलं तं आहे तेवढं राहीन," देवराव म्हणाला. "पुन्हा धरलं तं जेवण नळीनं घ्या लागन."

"एकच तं आहे, काका," आमचा कनिष्ठ लिपिक वैभव म्हणाला. "एकानं काय होते?"

देवरावनं उजव्या हाताची तीन बोटं जोडली, उभी धरली आणि तोंडात घालून दाखवली. घालून म्हणजे, दीड आत गेलं, बाकीचं बाहेर राहिलं. "डॉक्टरनं असंच मोजलं," तो म्हणाला. "तीन गेली पाहिजे म्हणते. तुमची जाते का पाहा."

पुढे घडलेल्या प्रकाराची नोंद करताना मला खेद होतो. कोणताही नमुना न भरता सव्वीस कर्मचाऱ्यांनी एकदम बोटं तोंडात घातली. दाखल्यासाठी आलेल्या एका बाईंना ती हजेरीची नवी पद्धत वाटली, त्यांनीही घातली. ईश्वरदासनं भिंतीकडे तोंड करून बोटं घालून पाहिली आणि तो पुड्या उचलून निघून गेला. निकाल असा: तीन बोटं नऊ, अडीच बोटं अकरा, दोन बोटं पाच. राहिलो मी. माझी बोटं मुळातच जाड आहेत.

खरं सांगतो, भीती वाटली. मॅडमनी तीनशे पाच पुड्या बुडीत दाखवल्या आणि पुढच्या वर्षीची कपात मान्य केली.

दुसऱ्या दिवशी नऊ जणांनी, आपली तीन जातात ना, म्हणून निर्धास्त खाल्ला. अकरा जणांनी आलेलं टेन्शन घालवायला खाल्ला. पाच जणांनी सोमवारपासून सोडायचं ठरवलं. (कोणता सोमवार, त्याबद्दल मार्गदर्शन मागवलं आहे.) मी बोटांच्या जाडीबद्दल दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणार आहे. देवराव मात्र डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे तोंड उघडावं म्हणून दातांत आइस्क्रीमच्या काड्या धरून स्टुलावर बसलेला असतो. गेल्या रविवारी म्हणे पाचवं शील बरंच स्पष्ट आलं. पोट्टे हसले नाहीत.

आता तुमचं. ज्यांनी वाचता वाचताच बोटं घालून पाहिली, त्यांचा स्वतःवर काडीचा ताबा नाही, हे नाइलाजानं नमूद करतो. पण ज्यांनी हात तोंडापर्यंत नेला, इकडेतिकडे पाहिलं आणि 'पाहू नंतर' म्हणून परत खाली ठेवला, त्यांच्या संयमाला माझा नमस्कार. इतका संयम ज्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यालाच जमतो.