शमुवेलआबांची खारीक

आमच्या शमुवेलआबांना राग आला की ते तोंडात खारीक टाकत. साधी नव्हे, दगडावर आपटली तर दगडाने माफी मागावी अशी वाळकी. ती मऊ होईपर्यंत बोलायचं नाही, हा नेम. आणि हा नेम फक्त पुढाऱ्यांसाठी. बैलावर, जावयावर ते बिनखारकेचे ओरडत, तेव्हा उदगीरच्या बाजारात म्हशी दावी तोडत. पण सरपंच, तलाठी किंवा चर्चचा पाळक यांनी घोळ घातला की खारीक आत.

“ज्याच्या डोक्यावर चार माणसांचं वझं हाय, त्याच्यावर घसा टाकू नये,” ते म्हणत. “येशूनं ते बारा येडे चेले सोसले, मला एक सरपंच सोसंना व्हय?”

उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला, आमचं गाव त्यात गेलं, त्याच सुमारास पावसाने पाठ फिरवली. विहिरीतली बेडकं पोहणं विसरून चालायला शिकली. आणि आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीला नवा पाळक मिळाला, योहान नावाचा, मिशी अजून विचारात असलेला. दर रविवारी उपासनेत आम्ही अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. या पोराने ती शिकताना जशी पाठ केली, तशीच सुरू ठेवली: “हे प्रभू, उस्मानाबादच्या कलेक्टरसाहेबांना सुबुद्धी दे.” जिल्हा बदलल्याचं त्याच्या पाठांतराला कुणी कळवलंच नव्हतं. त्यात उस्मानाबादेकडे चांगल्या चार सरी पडल्या. आमच्याकडे ढग नुसते डोकावून गेले.

मंडळीचे पंच दानियलभाऊ उसळले. “बघा! पाऊस तिकडं, टँकर तिकडं, आन् आमच्या वाट्याला नुसतं आमेन! देव तरी काय करील, पत्ताच चुकीचा! बदला ह्यो पाळक!”

खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं. रविवारी उपासना उरकून मंडळी तिथेच बसली. पाळकाला घालवायचं, तर सगळ्यांत वडील म्हणून आबांचा होकार हवा. आबांनी खारीक तोंडात टाकली.

दुष्काळात तोंडाला पाणी कुठलं? खारीक भिजेना. सावल्या लांबल्या. दोन पंच घोरू लागले. दानियलभाऊंचा राग भुकेने निम्मा झाला. शेवटी आबांनी बी थुंकली.

“चुकलं पोराचं. पर त्याला बाजूला घेऊन, गोडीनं, कुणी सांगितलं का?”

कुणीच नाही.

“मग मीच जातो.”

आम्हाला धास्ती! तो बाजारातला आवाज ऐकून पाळक थेट सोलापूर गाठेल म्हणून मी मागोमाग निघालो. पाळकाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत वळकटी बांधून तयार. पोराला सगळं कळलं होतं.

“साहेब,” आबा म्हणाले, आणि मी दचकलो. इतका मऊ आवाज या माणसाच्या छातीत कुठल्या कोपऱ्यात होता? “जेवलास का?”

पोराने नकारार्थी मान हलवली. आबांनी उपरण्यातली भाकर सोडली, मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. तो दोन घास खाईपर्यंत थांबले.

“आता आपला कलेक्टर लातुरात बसतो, लेकरा. तेवढं एक बदल. बाकी तुझी प्रार्थना ब्येस हाय.”

पोराचा घास तोंडातच राहिला. “एवढंच? मला वाटलं, मी कुणालाच नको झालोय.”

आबा भिंतीला टेकले. “मागच्या मोठ्या दुष्काळात मी खडीच्या कामावर मुकादम होतो. लोकं शिव्या द्यायची, बराबर हाय, उपाशी होती. त्याच साली माझी बायको गेली. तिला माती देऊन दुसऱ्या दिशी कामावर हुबा ऱ्हायलो. मजूर मजुराला इचारायचा, जेवलास का. मुकादमाला कोण इचारतंय?”

मी त्यांच्या शेजारच्या घरात वाढलो. हे कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पाळकाने लातूरच्या कलेक्टरसाहेबांचं नाव खणखणीत घेतलं. दानियलभाऊ सगळ्यांत मोठ्याने ‘आमेन’ म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण पाळक थांबला आणि हळूच म्हणाला, “आणि प्रभू, जे मुकादम एकटेच दुःख करून कामावर उभे राहिले, त्यांनाही जवळ घे.”

मंडळी उठली, चपला घालून बाहेर पडली. आबा डोळे मिटून तसेच बसून होते. पाळक व्यासपीठावरून खाली उतरला आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसला.