अध्यक्षांचं बटण

टॅलाबीन गावच्या लॉन बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवण्याचा खेळ खेळणाऱ्यांच्या क्लबात, दर रविवारी दुपारी नाच होत असे. त्या नाचात बास गिटारचा आवाज फार मोठा येतो, अशी एक तक्रार कार्यकारिणीपुढे आली. त्याच गिटारचा आवाज अजिबात येत नाही, अशी दुसरी तक्रारही त्याच बैठकीत आली. दोन्ही तक्रारी एकाच टेबलावर बसणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींच्या होत्या. कार्यकारिणीने दोन्हींवर साधकबाधक चर्चा केली आणि दोन्ही रास्त असल्याचा एकमताने निर्वाळा दिला.

बास वाजवायचा लिंडसे पर्टेल. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, समुद्राकाठच्या घरात बायकोबरोबर राहणारा सज्जन माणूस. बायको कोरल नाचाच्या त्याच वाद्यवृंदात गायची. रविवारची दुपार हा तिचा आठवडा होता. उरलेले दिवस नुसतेच मधे यायचे.

लिंडसेचा अँप म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र आणि स्पीकर एकाच पेटीत बसवलेलं, लहानशा फ्रिजएवढं धूड. कुणीतरी वापरून टाकलेलं ते त्याने घरी आणलं आणि तेव्हापासून त्यात फेरफार चालू होते. स्पीकर जड म्हणून काढून हलका बसवला. हलक्याने खर्ज गेला म्हणून पेटीला भोक पाडलं. भोकातून फडफड यायला लागली म्हणून आत कापूस कोंबला.

"माझी उशी कुठाय रे?" कोरलने तेव्हा विचारलं होतं.

"ती आता खर्जात आहे," लिंडसे म्हणाला.

मग उचलायला सोपं जावं म्हणून त्याने खाली चाकं लावली. त्यानंतर खालचा सूर जोरात लागला की अँप आपणहून नाचणाऱ्यांच्या दिशेने निघायचा. एकदा तर तो सोडतीच्या टेबलापर्यंत, म्हणजे चिठ्ठी काढून जिंकायचं मटण मांडलेलं असे तिथपर्यंत, जाऊन थांबला. म्हणून चाकांना ब्रेक आले.

अशा या अँपबद्दल बोलायला क्लबचा अध्यक्ष नेव्हिल ग्रिबल स्वतः लिंडसेच्या घरी आला. नेव्हिल पूर्वी पाणीपुरवठ्यात अधिकारी होता आणि अजूनही कुठल्याही गोष्टीकडे ती कुठून गळतेय अशा नजरेने बघायचा.

"हे बघ लिंडसे, मी मित्र म्हणून सांगतोय. सगळ्यांना पटेल असा आवाज ठेव. नाहीतर कार्यकारिणीचा विचार असा आहे की छतात स्पीकर आहेतच, त्यावर गाणी लावायची. त्यांची तक्रार कुणी करत नाही."

"कारण ते कुणी ऐकत नाही."

"तेच म्हणतोय मी. आदर्श व्यवस्था आहे."

कोरल आत चहा करत होती. कपबशांचा आवाज एकदम थांबला, तो लिंडसेला ऐकू आला.

पुढच्या रविवारपासून नेव्हिल प्रत्येक गाण्याच्या वेळी मंचाशी येऊन उभा राहू लागला. "थोडा कमी." लिंडसे कमी करी. "आता फारच कमी." लिंडसे वाढवी. "मोठा नको रे, भरीव हवा." एकदा वैतागून लिंडसेने अँपकडे हात नुसता नेला, हवेतच बोटं फिरवली आणि परत वाजवू लागला. नेव्हिलचा चेहरा उजळला. त्याने दुरून अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंडसेने गॅरेजमधल्या जुन्या शेगडीचं बटण काढलं. चांगलं दणदणीत, मुठीत मावेल एवढं. अँपच्या दर्शनी बाजूला भोक पाडून ते त्याने बसवलं आणि खाली पांढऱ्या रंगाने सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'अध्यक्ष'. आतल्या बाजूला त्याला एक नट होता. नटाच्या पलीकडे कोरलची उशी होती. दुसरं काहीही नव्हतं.

रविवारी त्याने नेव्हिलला बाजूला घेतलं. "हे खास तुझ्यासाठी. तुझा कान तयार आहे. तूच ठरव."

नेव्हिलने आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला आणि बटण अगदी किंचित डावीकडे फिरवलं. डोळे मिटले.

"हां! आता कसा गोल झाला. इतके दिवस हेच सांगत होतो मी."

त्या दुपारी एकही तक्रार आली नाही. कोरलला लोकांनी दोन गाणी जास्त गायला लावली. लिंडसेला वाटलं, जिंकलो.

पण कार्यकारिणी म्हणजे काही एकटे अध्यक्ष नव्हेत. हे त्याला चिटणीस ग्लेनिस हॉपगुडने सांगितलं. "पदाधिकारी सगळे समान असतात लिंडसे. एकालाच बटण दिलं तर उद्या लोक काय म्हणतील?" शेगडीला आणखी बटणं होती. चिटणिसांचं बसलं, खजिनदारांचं बसलं, हिरवळीच्या देखभाल समितीचं बसलं. शेगडीखालच्या ओव्हनचं जे मोठं बटण उरलं, त्याखाली लिंडसेने लिहिलं : 'सर्वसामान्य सभासद'. ते रांगेत उभं राहून फिरवायचं होतं.

आता इतक्या बटणांना शिस्त हवी. म्हणून नियम झाले. बटण एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. बिअरने भिजलेल्या हाताने फिरवू नये. दुसऱ्याचं बटण फिरवू नये. मग बटण कसं फिरवावं याचं प्रशिक्षण ठेवलं गेलं, चहा आणि लॅमिंग्टन केकसह. प्रशिक्षितांच्या छातीवर बिल्ले आले. देखभाल समितीचं बटण उजवीकडे असल्यामुळेच खजिनदारांचं बटण निष्प्रभ होतं, असा एक गंभीर वाद निघाला आणि दोघांनी आपापली बटणं आळीपाळीने फिरवावीत यावर मिटला. लिंडसे या सगळ्याकडे बघून मान डोलवायचा आणि जे वाजवत आला होता तेच वाजवायचा.

तक्रार करणाऱ्या दोन बहिणींपैकी ज्यांना आवाज येत नसे, त्या मेव्हिस टूही. वय चौऱ्याऐंशी. नाचता येत नसलं तरी दर रविवारी लिपस्टिक लावून पहिल्या रांगेत हजर. एका रविवारी वॉल्ट्झचा नाच चालू असताना त्या काठी टेकत मंचाशी आल्या. सभासदांच्या बटणापुढे रांग होती. अध्यक्षांचं मोकळं होतं. त्यांनी ते धरलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून उजवीकडे पिळलं.

"आत्ता आला बाई आवाज!" त्या म्हणाल्या.

नेव्हिल तेव्हा बाहेर हिरवळीवर होता. त्याला काही कळलंही नाही. ग्लेनिसने जाऊन सांगितलं, तेव्हा कळलं.

"तरीच!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "तरीच मला इथे धडधडलं."

मेव्हिसबाईंवर चौकशी बसली. आरोप : अध्यक्षांच्या अधिकारात हस्तक्षेप आणि क्लबच्या शांततेस धोका. शिक्षा म्हणून वर्षअखेरपर्यंत प्रवेशबंदीचा प्रस्ताव होता.

चौकशीच्या दिवशी लिंडसे सकाळी न्याहारीला बसला, पण टोस्ट तसाच राहिला.

"कोरल, तुला एक सांगायचंय. ती बटणं..."

"कशालाच जोडलेली नाहीत. माहितीये मला."

"कसं?"

"उशी परत घ्यायला गेले होते. मागची फळी काढली तर सगळे नट ओळीने बसलेले."

"मग बोलली का नाहीस?"

कोरलने जरा वेळ चमचा कपात फिरवला. "माझं गाणं लोक नीट ऐकत होते रे. कुणी मध्ये उठत नव्हतं. म्हटलं, राहू दे." मग तिने कप खाली ठेवला. "पण म्हातारीला बाहेर काढून मी नाही गाणार. जा आणि सांगून ये. छतातल्या स्पीकरवर गाणी लावतात तर लावू देत."

चौकशीच्या बैठकीला लिंडसे अँप ढकलत घेऊन गेला. मेव्हिसबाई भिंतीशी खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. "अहो, मला जरा ऐकायचं होतं, एवढंच," असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या. लिंडसेने स्क्रू काढले, मागची फळी उतरवली आणि टॉर्च आत धरला.

"बघा. कुठलंच बटण कशालाही जोडलेलं नाही. कधीच नव्हतं. मेव्हिसबाईंनी काही केलेलं नाही, कारण काही करता येतच नाही. चूक माझी आहे."

सगळे वाकून बघून आले. बाहेर कुणाचा तरी चेंडू दुसऱ्या चेंडूवर आदळला. आता आपल्याला हाकलणार, हे लिंडसेने मनाशी धरलं. कोरलच्या तोंडाकडे कसं बघायचं, याचाच तो विचार करत होता.

"म्हणजे," नेव्हिल सावकाश म्हणाला, "इतके महिने आमचे अधिकार तू तोडून ठेवले होतेस?"

"तोडले नव्हते नेव्हिल. जोडलेच नव्हते."

"तेच ते!"

"पण मला फरक ऐकू यायचा," ग्लेनिस म्हणाली.

"मलासुद्धा," खजिनदार म्हणाले.

"न जोडता एवढा फरक," नेव्हिलचा आवाज चढला, "तर जोडल्यावर किती पडेल!"

हा मुद्दा बिनतोड होता. ठराव झाला की सर्व बटणं तातडीने जोडण्यात यावीत. मेव्हिसबाईंवरचा आरोप मागे घेण्यात आला. मात्र न जोडलेलं बटण गैरहेतूने फिरवल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली. त्यांनी ती नीट ऐकू न आल्याने दोनदा घेतली.

लिंडसेने आठवडाभर गॅरेजमध्ये बसून सोल्डरिंग केलं. अध्यक्षांचं बटण आवाजाला, एक खर्जाला, एक मधल्या पट्टीला, एक वरच्या सुरांना. सभासदांचं बटण खर्ज आणखी वाढवणारं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ठरावाबरहुकूम काम केलं.

रविवारी कोरलने पहिलं गाणं धरलं आणि रांग लागली. नेव्हिलने बटण किंचित डावीकडे फिरवलं, बास गायब. सभासदांनी पाव फेरा उजवीकडे फिरवलं. काहीच ऐकू येईना म्हणून आणखी पाव, मग आणखी पाव. नेव्हिलला वाटलं जरा जास्तच गोल झाला, म्हणून त्याने आपलं बटण परत फिरवलं. तेव्हा जो आवाज आला त्याला सूर म्हणता येणार नाही. बारमधले ग्लास एकमेकांवर आपटू लागले. चाकांचे ब्रेक सुटले आणि अँप गुरगुरत सोडतीच्या टेबलावर जाऊन आदळला. मटणाचे तुकडे नाचाच्या फरशीवर पसरले. खजिनदार त्यातल्या एकावरून घसरत थेट भिंतीशी गेले. ग्लेनिस कान दाबून "नियम! नियम!" असं ओरडत होती. जागच्या जागी फक्त मेव्हिसबाई होत्या आणि त्या काठीने ताल धरून डोलत होत्या.

संध्याकाळ व्हायच्या आत नेव्हिल लिंडसेच्या दारात आला. कपाळाला बर्फाची पिशवी होती.

"लिंडसे, तारा काढ. सगळ्या. पूर्ववत कर."

"करतो. बटणंही काढून टाकू ना?"

नेव्हिलने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने गावची पाण्याची टाकीच काढायला सांगितली होती. "बटणं कशाला काढायची? बटणं लोकांची आहेत!"

पुढच्या रविवारी रांग नेहमीसारखी लागली. आत काही नाही, हे आता प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येक जण बिल्ला सरळ करून पुढे येत होता, पाव फेरा फिरवत होता आणि समाधानाने जागेवर जात होता. छतातल्या स्पीकरचा विषय पुन्हा निघाला नाही. कोरल छान गात होती. दुसऱ्या कडव्याला लिंडसेला आपल्याच गिटारचा आवाज जरा कोरडा वाटला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वाकून अध्यक्षांचं बटण केसभर डावीकडे केलं, आणि त्याला बरं वाटलं.

तुम्ही हसला असाल तर हसा. गेल्या काही दिवसांत बँकेने, दवाखान्याने, जेवण आणून देणाऱ्याने तुम्हाला विचारलंच असेल, आमची सेवा कशी वाटली. आणि तुम्हीही थोडा विचार करून, अर्धा गुण राखून, न्यायबुद्धीने उत्तर दिलंच असेल. या गोष्टीलाही गुण जरूर द्या. तारे पाचही हजर आहेत. तार कुठे जाते, तेवढं मात्र विचारू नका.