वासनिककाकांची गुंडाळलेली बेल

आमच्या वाघोलीच्या सोसायटीतले वासनिककाका सोल्डरिंगचा डाग देऊन तार जोडणाऱ्या माणसाला चहासुद्धा विचारत नाहीत. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली त्यांची. चौकोनी पिनेवर तार घट्ट गुंडाळली, की पिनेचे कोपरे तारेत रुततात आणि जोड पक्का होतो, ही त्यांची श्रद्धा. "कोपरा चावते!" म्हणतात. त्यापुढे वाद घालायची सोय नाही.

यंदा काकूंचे कान गेले. बेल वाजली तरी कळेना. माणसं यायची, ताटकळून परत जायची. मग काकू दिवसभर दाराशीच खुर्ची टाकून बसायला लागल्या. मला ते बघवेना.

"काका, बेल दाबली की दिवा लागतो, असं यंत्र विकत मिळतं."

"मिळू दे. मी मेलो नाही अजून."

झालं! हॉलमध्ये बेलला जोडलेला, चौकोनी पिनांचा डबा आला, स्वयंपाकघरात आणि बेडरूममध्ये दिवे आले. तार मात्र मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची. चकचकीत, वर इनॅमलचा पातळ थर.

"काका, तो थर वीज अडवतो हो."

"काहून अडवंल? कोपरा चावते!"

आठवडाभर गुंडाळणं चाललं. मग सगळ्या मजल्याला जमवून बेल दाबली. बेल बोंबलतेय, दिवे ढिम्म! काकांनी सगळं उसवून आणखी घट्ट गुंडाळलं. तरी ढिम्म. आधी पिना बोथट ठरल्या, मग तार भिकार ठरली, शेवटी वाघोलीची वीजच वाईट ठरली.

काकूंनी तारेचं टोक नखानं खरवडून पाहिलं आणि त्या ओरडल्या, "अवो, केळं सालासकट खाता का? सालटं काढा ना जी!"

पॉलिश पेपर घेऊन त्यांनीच टोकं घासली. तांबं उघडं पडलं. काकांनी मुकाट्यानं गुंडाळलं. मी बाहेर जाऊन बेल दाबली.

आत एकच आरोळी! दोन्ही दिवे लागले होते. काकू या खोलीतून त्या खोलीत पळत होत्या. "पुन्हा दाबा! पुन्हा दाबा!" वरच्या मजल्यावरचे भांडायला आले, तेही दाबून गेले. काका छाती काढून उभे. "पाहिलं? कोपरा चावते!"

आता दाराशी खुर्ची नसते. परवा काका भाजी घेऊन आले, बेल दाबून उभे राहिले. हातात किल्ली होती.

"अहो काका, किल्ली आहे की!" मी म्हटलं.

"आहे ना." काका चक्क लाजले. "पण किल्लीनं उघडलं तर ती 'आले, आले' म्हणत नाही."