बावीस दिवसांचं पाकीट

मी आळशी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या लोणावळ्याच्या घरात माझ्याबद्दल भलभलत्या अफवा आहेत. आंबीच्या एका कारखान्यात मी डिस्पॅच क्लार्क आहे. माल वेळेवर पाठवायचा, याचाच मला पगार मिळतो. तेव्हा मुलीच्या लग्नाची पत्रिका तिच्या मामाकडे, तिकोणा पेठेला पोहोचवणं ते काय अवघड? "मी देऊन येतो," असं मीच म्हणालो. तिथेच चुकलं.

अनिताने, म्हणजे बायकोने, पाकीट चिकटवून, कुंकू लावून माझ्या हातात दिलं. "नवरीच्या पाठीशी मामा उभा हवा. आणि तुम्ही स्वतः गेल्याशिवाय भाऊ येणार नाही, माहितेय ना?"

माहीत होतं. आदल्या दिवाळीत या मामाकडे, म्हणजे महिपतीकडे, जेवताना मी सहज म्हणालो होतो, "भात जरा चिकट झालाय." आता इंद्रायणीचा भात चिकटच असतो, हे मावळात शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात महिपती स्वतः इंद्रायणी पिकवणारा. तो ताटावरून उठला, तो माझ्याशी बोलायचा थांबलाच.

पहिल्या रविवारी स्कूटर पंक्चर होती. दुसऱ्या रविवारी अमावस्या. तिसऱ्या रविवारी तिकोण्याला म्हणून निघालो आणि शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला पोहोचलो. (रस्ता अगदीच दुसरीकडे जातो, हे मला मान्य आहे.)

समीक्षा, म्हणजे आमची नवरी मुलगी, तेव्हा मानसशास्त्रात एम. ए. करत होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, हा आळस नाही. तुम्ही काम टाळत नाही, भावना टाळताय. मामासमोर ओशाळं वाटेल, म्हणून जात नाही."

मी भडकलो. मी, आणि भावना टाळतो? अठ्ठावीस वर्षं संसार केलाय मी. तिने वीस प्रश्नांचा एक फॉर्म पुढे केला. स्वभाव तपासायचा होता म्हणे. (तो अजून भरायचाय.)

शेवटी लग्न चार दिवसांवर आल्यावर गेलो. महिपती अंगणात बसला होता. मी नजर चुकवत पाकीट दिलं. त्याने ते फोडलं, आतला कागद वाचला आणि विचारलं, "दाजी, आज तारीख काय?"

"सोळा. का?"

त्याने कागद माझ्याकडे दिला. अनिताचं अक्षर: 'भाऊ, पत्रिका मी तुला दिलीच आहे. हे पाकीट घेऊन हे येतील. किती तारखेला आले, तेवढं कळव. समीक्षाच्या अभ्यासाला लागतंय.'

माझा संताप मस्तकात गेला. "म्हणजे पत्रिका तुला आधीच मिळालीय?"

"तीन आठवडं झालं. तुमी कामावर गेलता तवा अनिता येऊन दिऊन गेली."

"मग लग्नाला येणारच होतास की."

"न्हाई. तुमी आल्याबिगर म्या येनार नव्हतो. आता सांगा, भात चिकट व्हता का?"

लेकीचं लग्न, मामाशिवाय. रस्ताभर घोकलेलं माफीचं वाक्य आठवेना. "भात उत्तम होता," मी म्हणालो. "माझीच जीभ घसरली. फार वाईट वाटतंय रे मला, दिवाळीपासून."

महिपतीने माझ्याकडे बघितलं. मग आत बायकोला हाक मारली, "सरू, दाजींना ताट वाढ. भात लय वाढ."

लग्नात तो समीक्षाच्या पाठीशी उभा राहिला आणि माझ्यापेक्षा जास्त रडला. सगळं गोड झालं. पण तिच्या प्रबंधात मी 'श्री. क्ष' या नावाने आलो: वय त्रेपन्न, एक पाकीट, बावीस दिवस. तिकोण्यापासून लोणावळ्यापर्यंत सगळे पाहुणे आता मला क्षसाहेब म्हणतात.

बापाला असं नमुना म्हणून मांडायचं? याचा निषेध करणारं खरमरीत पत्र तिच्या सरांना लिहायला मी त्याच आठवड्यात घेतलं. त्याला आता दीड वर्ष झालं. मायना जवळपास ठरलाय.