याकाची संक्रांत

साहेब, सगळा दोष तुमचा आहे. माजिवड्याच्या त्या काचेच्या इमारतीत एसी सोळावर ठेवायचा आणि स्वतः गळ्यात पिवळा-जांभळा मफलर गुंडाळून बसायचं, असे जे साहेब आहेत ना, त्यांच्याबद्दलच चाललंय. सलिलची डिसेंबरची रजा तुम्ही नामंजूर केलीत. "इयर एंडला कोणी हलायचं नाही. मी स्वतः पाच वर्षांत कुठे गेलेलो नाही," असं अख्ख्या फ्लोअरसमोर छाती पुढे काढून म्हणालात. मग रजा दिलीत ती जानेवारीत, नेमकी संक्रांतीच्या आठवड्यात. तुमचं काय गेलं? एक सही. पण त्या सहीने डोंबिवलीतल्या एका घरात काय उलथापालथ झाली, ते ऐका आता.

सलिलचं लग्न मे महिन्यात झालं. म्हणजे त्याची बायको मैथिली हिची ही पहिली संक्रांत. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवायची, हलव्याच्या दागिन्यांनी मढवायची आणि फोटो काढायचा. यातलं बाकी काही राहिलं तरी चालेल, पण फोटो राहता कामा नये, असं सलिलच्या आईचं, हेमाताईंचं म्हणणं. कारण त्यांचा स्वतःचा राहिला होता. त्या नवी नवरी असताना त्र्यंबकरावांनी त्यांना पाटावर बसवून, मान वाकडी करायला लावून, समोरून, बाजूने, गच्चीत, दारात असे धडाधड फोटो काढले. संध्याकाळी कळलं, कॅमेऱ्यात रोलच नव्हता.

तेव्हापासून त्या घरातलं प्रत्येक भांडण फिरून त्या रोलपाशी येतं. त्र्यंबकराव दूध आणायला विसरले की हेमाताई फक्त एवढंच म्हणतात, "असू दे. रोल विसरणारा माणूस."

"आई, आपण मनालीला चाललोय," सलिल म्हणाला. "दागिने आल्यावर घाल ना तिला. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं."

"तुझे बाबा तेव्हा हेच म्हणालेले. पुन्हा काढू, रथसप्तमीपर्यंत चालतं! रथसप्तमीला डबा उघडला तर दागिन्यांना मुंग्या. मी काही ऐकणार नाही. दागिने येणार आपल्याबरोबर."

"बर्फात?"

"काळी साडी बर्फात उठून दिसेल," मैथिली म्हणाली. ती माहेरची ठाण्यातल्या खोपटची, अशा गोष्टींना नाही म्हणायची सवयच नाही तिला. सलिलने तिच्याकडे फितुराकडे बघावं तसं बघितलं.

आता हलवा करायचा म्हणजे तिळावर पाक थेंब थेंब सोडत, मंद आचेवर बोटांनी हलवत बसायचं. त्याला काटा फुटायला थंडी लागते, आणि डोंबिवलीत थंडी म्हणजे पहाटे पंखा एकने कमी. म्हणून हेमाताईंनी बेडरूममध्ये एसी फुल केला, खाली इंडक्शन मांडला आणि त्र्यंबकरावांना दोन गोधड्या देऊन कोपऱ्यात ढकललं. बोटं भाजली, पण काटा असा फुटला की शेजारच्या गंगुबाई बघायला आल्या त्या तासभर हलल्याच नाहीत. हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा आणि डोक्यावर मुकुट. नवऱ्यामुलासाठी हलव्याचा नारळसुद्धा.

आणि निघायच्या आदल्या दिवशी, साहेब, तुमचा फोन. "सलिल, माझी कंबर गेलीय. डॉक्टरने सपाट झोपवलंय. छताकडे बघत पडलोय मी. तू रजा कॅन्सल कर."

"सर, तिकिटं, हॉटेल, सगळं झालंय."

"मग जा. पण आल्यावर लेखी खुलासा द्यायचा, टीम वाऱ्यावर सोडून का गेलास याचा."

सलिल गेला, पण खुलाशाचा मजकूर मनात जुळवतच.

विमानतळावर त्या डब्याने पहिला हिसका दाखवला. मशीनमध्ये दाण्यांच्या माळा दिसल्यावर तिथल्या जवानाने डबा बाजूला घेतला.

"माताजी, ये क्या है?"

"दागिने हैं. बहू के."

"दिखाइए." त्याने झाकण उघडलं. "ये सोना है?"

"शक्कर है. तीळ के ऊपर शक्कर. मैंने हात से किया."

"गहने खाते हो आप लोग?"

"पहले पहनते हैं, फिर खाते हैं," हेमाताई ठणकावून म्हणाल्या आणि नारळाचा एक दाणा काढून स्वतःच्या तोंडात टाकला. दुसरा त्याच्यापुढे धरला. ड्यूटीवर चालत नाही म्हणाला बिचारा, पण डबा सोडला. पुढे चंदीगडहून घाट चढून मनालीपर्यंत तो डबा हेमाताईंच्या मांडीवर होता. त्र्यंबकरावांना दोनदा उलटी झाली, तर त्या म्हणाल्या, "तिकडे तोंड करा, इकडे डबा आहे."

संक्रांतीच्या दिवशी टॅक्सीने वर बर्फात गेले. बर्फ कसा, नजर ठरेना असा. त्र्यंबकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ उचलला, वास घेतला, म्हणाले, "फ्रीजरसारखाच येतोय." हेमाताई हसल्या. साहेब, रोलनंतर त्यांच्या कुठल्याही विनोदाला त्या हसल्या नव्हत्या.

थंडीला भाड्याचे केशरी सूट घेतलेले, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. मैथिलीने सत्तेचाळीस नंबरच्या सूटवरच काळी साडी नेसली आणि वर दागिने चढवले.

"साडी नेसवलेला सिलिंडर दिसतेयस," सलिल म्हणाला.

"मी निदान भरलेला सिलिंडर आहे. तू घरी पण रिकामाच असतोस."

"भांडू नका रे, ऊन जाईल!" हेमाताई ओरडल्या. "अहो, काढा पटकन."

त्र्यंबकरावांनी मोबाइल धरला. या वेळी चुकायचं नाही, असं ठरवूनच ते आलेले. "मैथिली, थोडी मागे. अजून मागे. डोंगर पूर्ण येत नाहीये. अजून थोडी..."

डोंगर पूर्ण आला. त्यासोबत याकही आला. फोटोसाठी माणसं बसवायला दोन याक उभे केलेले, लोकरीचे झुलते पडदे अंगावर, शिंगांना लाल गोंडे. मैथिली त्यातल्या एकाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, आणि त्याने मागून शांतपणे जीभ बाहेर काढून तिच्या मानेवरून फिरवली.

"सलिल, लोकांसमोर नको ना," मैथिली लाजून म्हणाली.

"मी इकडे आहे!" सलिल समोरून ओरडला.

तिने मान वळवून बघितलं आणि किंकाळी फोडली. याक दचकला, पण हार सोडेना. तटकन दोरा तुटला. निम्मा हार याकाच्या तोंडात, निम्मा बर्फावर. पांढऱ्यावर पांढरे दाणे. चौघं गुडघ्यांवर बसून शोधायला लागले, पण हाताला लागे तो बर्फच. ते पाहून दुसरा याकही बिथरला. त्याच्यावर गॉगल लावलेले एक जाडजूड गृहस्थ बसलेले. सलिल सावरायला धावला, तर त्यांनी याकाची मान मिठीत धरून लोकरीत तोंडच खुपसलं. घाबरले असतील, असं सलिलला वाटलं.

याकवाला धावत आला. "क्या खिला दिया जी इसको? बीमार पड़ गया तो?"

"कुछ नहीं होगा! घर का है!" हेमाताई म्हणाल्या, आणि तिथेच बर्फात बसल्या. डोळ्यांत पाणी आलं. "संपलं. या घरात संक्रांतीचा फोटो लिहिलेलाच नाही."

याक डोळे मिटून चघळत होता. त्र्यंबकराव मोबाइल हातात धरून असे उभे, की जणू पुन्हा एकदा कॅमेरा उघडला आणि आत काही नाही.

मैथिलीने मात्र पदर सोडला आणि भर गर्दीत साडी फेडायला लागली. आत केशरी सूट होताच, लाजायचं काय?

"अगं, हे काय करतेयस?" हेमाताई दचकल्या.

"आई, उठा. पहिल्या संक्रांतीचा फोटो राहिलाय कुणाचा? माझा तर अजून रथसप्तमीपर्यंत चालेल. तुमचा किती वर्षं थांबवायचा?"

"अगं, मी आता या वयात..."

"हार गेलाय, बाकी सगळं आहे. बाबा, तुम्ही रेडी राहा."

हेमाताईंना काळी साडी गुंडाळली. भाजलेल्या बोटांवर बांगड्या चढल्या. माकडटोपीवर मुकुट बसेना, तो मैथिलीने केसांतल्या क्लिपा काढून बसवला. सलिलने हलव्याचा नारळ काढून बाबांच्या मोकळ्या हातात दिला. आजूबाजूचे टूरवाले गोळा झाले, कोणी टाळ्या वाजवल्या.

हेमाताईंनी मान वाकडी केली, तेव्हा केली होती तशीच. मग एकदम ताठ केली. "अहो, रोल घातलाय का?"

त्या हसल्या, त्र्यंबकराव हसले, आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

फोटो असा आलाय साहेब, की काय सांगू. मुकुट तिरका, नाक लाल, डोळे ओले आणि हसू कानापर्यंत. शेजारी पहिला याक, ओठाला साखर लागलेली. परतीच्या वाटेवर चंदीगडला पराठे खाताना चौघंही तोच बघत होते. तेवढ्यात सलिलला तुमचा मेसेज आला. "बेडवरून टाइप करतोय. सोमवारी खुलासा टेबलावर पाहिजे."

सलिलने पराठा बाजूला सारला. मैथिलीने सहज फोटो दोन बोटांनी मोठा केला. आईंच्या मुकुटावरून मागे गेली. मागे दुसरा याक होता.

"सलिल, या माणसाने गॉगल वर केलाय बघ. आणि हा मफलर..."

"पिवळा-जांभळा," सलिल म्हणाला, आणि त्याने आणखी दोन पराठे मागवले.

तर साहेब, खुलासा तयार आहे. सोमवारी टेबलावर मिळेल. सलिलने आईला सांगून बघितलं की मागचा भाग कापू या, उगाच कशाला. हेमाताई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने आयुष्यात एक फोटो धड काढलाय. त्याचा टाचणीएवढासुद्धा भाग मी कापू देणार नाही." फोटो दाराएवढा मोठा करून हॉलमध्ये लागलाय, मफलरच्या गोंड्यासकट. शनिवारी हळदीकुंकू आहे. मैथिलीसाठी नवा हार तयार आहे, सगळी बिल्डिंग येणार आहे. तुमच्या ऑफिसातल्या प्राची मॅडमही येतील, त्या पलीकडच्याच गल्लीत राहतात. वाण घेतील, तिळगूळ घेतील आणि फोटोकडे बघून विचारतील, "काकू, मागे याकावर कोण बसलंय हो?"

काय सांगायचं, साहेब? शनिवारच्या आत कळवा. आणि हो, लेखी.